अचूक घड्याळ घेण्यापूर्वी

रात्री दोन वाजता उशाखालचा ऑक्सिमीटर काढून बोटाला लावायचा, ९८ दिसले की थोडा वेळ बरे वाटते आणि दहा मिनिटांनी हात पुन्हा उशाखाली जातो, हे तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. चार महिन्यांत तीन ईसीजी आणि एकदा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी), सगळे नॉर्मल. तरीही जिना चढताना मनगटावरच्या घड्याळात नाडी ११८ दिसली की तुम्ही मधल्या पायरीवर बसता, आणि म्हणून तुम्ही विचारले आहे की ईसीजी काढणारे, अधिक अचूक घड्याळ कोणते घ्यावे. माझे उत्तर असे आहे की कोणतेही घेऊ नका आणि सध्या हातात आहे तेही काही महिने कपाटात ठेवा. हे उत्तर तुम्हाला कठोर वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. छातीत दुखणे पहिल्यांदाच होत असेल, ते हातात किंवा जबड्यात जात असेल, श्रमाने वाढत असेल, घाम येऊन शुद्ध हरपत असेल, तर हे काहीही न वाचता १०८ ला फोन करावा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे, कारण त्यांच्यातील बिघाडानेही धडधड होते. तुमचे हे सारे झालेले दिसते, त्यामुळे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, याविषयी आणखी सांगण्यात वेळ घालवत नाही.

माझी सुरुवात एप्रिल २०२२ मध्ये अजनी चौकातल्या सिग्नलवर झाली. दुचाकीवर थांबले असताना छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि समोरची वाहने काचेपलीकडे असल्यासारखी दिसू लागली. ज्या दवाखान्यात मला नेले तेथे ईसीजी नॉर्मल आला, रक्तदाब मात्र १५० च्या पुढे होता, आणि डॉक्टरांनी सांगितले की आठवडाभर घरी बीपी मोजून लिहून आणा. सल्ला योग्य होता. घरी येतानाच आम्ही यंत्र विकत घेतले. आठवड्याने मी वही दाखवली, तेव्हा त्यांनी पान उलटले, "गॅस होतो, टेन्शन घेऊ नका" असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. आता मोजणे थांबवा, असे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मी पुढची दोन वर्षे मोजली.

दोनशे पानी वहीत, शाळेत गुणांचे तक्ते आखते तसे, मी रकाने आखले होते: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी. पुढे 'काय वाटले' हा सहावा रकाना आला, मग १३० च्या वरचे आकडे लाल शाईने लिहिणे आले. दिवसाला चौदा-पंधरा नोंदी होत आणि अशा तीन वह्या भरल्या. मला ते शिस्तीचे काम वाटत असे. आपण आपल्या प्रकृतीची काळजी घेत आहोत, असेच मी मनापासून मानत होते. जिना चढल्यावर नाडी १२५ लागते म्हणून मी मुख्याध्यापिकांना विनंती करून दुसऱ्या मजल्यावरचा दहावीचा वर्ग सोडला आणि तळमजल्यावरचा पाचवीचा वर्ग मागून घेतला. चाळिशीतल्या बाईची नाडी दोन मजले चढल्यावर १२५ होणे हे हृदय नीट काम करीत असल्याचे लक्षण आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. एके सकाळी माझी मुलगी शाळेत निघताना बीपीचे यंत्र घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आई, आत्ता एकदा मोजून घे, आज मला यायला पाच वाजतील." ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि माझ्या आजाराभोवती आपला दिवस आखू लागली होती.

त्या दवाखान्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दोन वर्षांत मी तेथे अकरा वेळा गेले. प्रत्येक वेळी ईसीजी, प्रत्येक वेळी बिल आणि प्रत्येक वेळी गॅस. अकरा नॉर्मल ईसीजी एकाच फाइलमध्ये लागोपाठ लावलेले असताना त्या कागदांनीच निदान सांगितलेले होते, ते वाचणारे कोणी हवे होते. मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द त्यांनी एकदा उच्चारला असता, तर माझे किमान दीड वर्ष तरी वाचले असते. "काही झालेले नाही" हे वाक्य रुग्णाला दिलासा देण्यासाठी म्हटले जाते, पण ज्याला खरोखर काहीतरी होत आहे त्याला ते वाक्य घेऊन पुन्हा त्याच भीतीत घरी परतावे लागते.

शेवटी एका सहशिक्षिकेच्या आग्रहाने मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले आणि त्यांनी मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवले. मी तिन्ही वह्या सोबत नेल्या होत्या. त्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी मधलेच एक पान उघडले. सकाळी ९.१० ते ९.५० या चाळीस मिनिटांत नऊ नोंदी होत्या आणि वरचा आकडा १२८ पासून १५२ पर्यंत चढत गेला होता. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हा आकडा तर चांगला होता. मग दुसऱ्यांदा कशासाठी मोजले?" मी म्हणाले, खात्रीसाठी. त्यांनी विचारले, "मग नऊ वेळा मोजल्यावर खात्री झाली का?" गणिताच्या शिक्षिकेला त्या पानावरचा चढता क्रम दोन वर्षांत दिसला नव्हता.

तुमच्या ऑक्सिमीटरचे नेमके हेच होत आहे. शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि त्या धडधडीचा अर्थ आणखी भयंकर लागतो. हे चक्र ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले आणि आजचे उपचार बऱ्याच अंशी त्यावर उभे आहेत. मोजल्याने हे चक्र तुटत नाही, कारण ९८ दिसल्यावर मन 'मी सुरक्षित आहे' असे शिकत नाही. 'मोजले म्हणून मी वाचलो' असे शिकते. घड्याळ जितके अचूक, तितकी ही सवय पक्की होईल. शिवाय घड्याळाचा ईसीजी एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा, असतो आणि दवाखान्यातला बारा लीडचा. घड्याळातला ठोक्यांची अनियमितता शोधण्यासाठी असतो, हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी नाही. हात हलला की ते निष्कर्ष काढता येत नाही असे दाखवते, आणि तुमच्या-माझ्यासारख्याला रात्री दोन वाजता तेवढे पुरते.

माझे मोजणे एका दिवसात थांबले नाही. आधी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी आणि एकदाच. मग आठवड्यातून एकदा. मग यंत्र भावाच्या घरी. पहिले पंधरा दिवस मला पूर्वीपेक्षा जास्त त्रास झाला, हे स्पष्ट सांगते, कारण नेमक्या त्याच दिवसांत माणूस हा उपाय चुकीचा ठरवून सोडून देतो. घरच्यांनाही यात घ्यावे लागते. मी यजमानांना दिवसातून दहा वेळा "माझा चेहरा पांढरा दिसतोय का हो?" असे विचारीत असे आणि ते बिचारे दहा वेळा नाही म्हणत. पुढे आम्ही ठरवले की त्यांनी फक्त "हा प्रश्न भीतीचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण इथे बसतो" एवढेच म्हणायचे. मला सुरुवातीला त्यांचा फार राग आला. इंटरनेटवर लक्षणे शोधणे हाही मोजण्याचाच प्रकार आहे, तेही याच हिशेबात धरावे.

त्यानंतर त्या बाईंनी मला जिना चढायला लावला. आधी कागदावर लिहायचे की काय होईल. मी लिहिले, 'चक्कर येऊन पडेन'. मग दोन मजले भरभर चढायचे, वर उभे राहायचे, नाडीला हात लावायचा नाही. मी पडले नाही. बेशुद्ध होण्यासाठी रक्तदाब खाली यावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो सहसा वर जातो, म्हणून पडण्याची भीती इतकी मोठी असूनही तसे घडणे विरळ असते. मात्र रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी. हा सराव मनाने सुरू करू नये, डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचे सांगितल्यावर आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करावा.

श्वासाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. "खोल श्वास घ्या" असे सगळे सांगतात, पण घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो; त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, बधिर ओठ, गरगर हे सारे त्यातूनच येते. आणखी खोल श्वास घेतल्याने ते वाढते. घेण्यापेक्षा सोडणे लांबवावे, तेही हळू. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. खरा हृदयविकार किंवा दमा असेल तर तो धोक्याचा आहे. अटॅक बहुधा दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि ओसरतो. त्याला घालवण्याची धडपड न करता हातातले काम मंद गतीने चालू ठेवणे मला सर्वांत उपयोगी पडले. मी भाजी निवडत बसे.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बाहेर पडल्यावर धडधड, चक्कर आणि घाबरल्यासारखे होणे हे पुष्कळदा उन्हाचे आणि पाणी कमी पडल्याचे असते. आपली मंडळी त्यालाही अटॅक समजतात, आणि उलट उष्माघाताकडे 'माझे नेहमीचेच' म्हणून दुर्लक्ष करतात. मे महिन्यात सावली, पाणी, पन्हे यांची व्यवस्था आधी करावी. अंग तापून बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर ते पॅनिक नव्हे, ताबडतोब दवाखाना गाठावा. दिवसाचे सहा कप चहा मी दोनवर आणले, त्याचाही फायदा झाला.

औषधांविषयी थोडक्यात. मला एसएसआरआय गटातले (नैराश्य आणि चिंतेवर देतात ते) औषध लहान मात्रेपासून सुरू केले. पहिले दोन आठवडे बेचैनी वाढली, परिणाम महिनाभराने जाणवला, आणि ते बंदही डॉक्टरांनीच हळूहळू केले. प्रत्येकाला ते लागतेच असे नाही. अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी मात्र ओळखीच्या औषध दुकानातून मागून घेऊ नये. ते शेड्यूल एच-१ मधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध आहे, त्याची सवय लागते आणि एकदम सोडल्यास धडधड दुपटीने परत येते.

खर्चाची अडचण असेल तर नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जायला लोक नावामुळे कचरतात, मीही कचरले होते, पण कचरण्यासारखे तेथे काही नाही. रात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

तुम्ही शेवटी लिहिले आहे की सोमवारी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरली आहे. ती डॉक्टरांनी सांगितली असेल तर जरूर करा, आणि अहवाल हातात आल्यावर त्यांना समोर बसून विचारा की यापुढे कोणती तपासणी, कधी आणि कोणत्या कारणाने करायची, आणि कोणती करायची नाही. उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. ती तुम्ही स्वतःच पॅकेजमध्ये नोंदवली असेल तर उद्या सकाळी फोन करून रद्द करा आणि त्याच पैशांत मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.