रिझ्युमेत ७.१, मार्कशीटवर ६.१ आणि बीजीव्हीची लिंक आलीय

भावा, तुझं म्हणणं मला कळलं ते असं: कोल्हापुरात राजारामपुरीत राहतोस, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात आयटी सपोर्टला आहेस, पुण्याच्या कंपनीची ऑफर आलीय. रिझ्युमेत सीजीपीए ७.१ टाकलेलास, खरा ६.१ आहे. आता बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा (बीजीव्ही, म्हणजे दिलेली माहिती खरी आहे का याची तपासणी) फॉर्म आलाय, मार्कशीट अपलोड करायचीय, आणि रूममेट म्हणतोय पीडीएफमध्ये एक आकडा बदलायचा, चालतंय की, कोण बघतंय. तू विचारतोयस की जेल होईल का, आणि इथला राजीनामा आजच टाकू का.

राजीनामा टाकू नकोस. ऑफर लेटर परत वाच, त्यात कुठंतरी लिहिलेलं असणार की ही ऑफर व्हेरिफिकेशन क्लिअर होण्यावर अवलंबून आहे, म्हणजे अजून तुझ्या हातात पक्कं काहीच नाही. नोटीस पिरियडचा घोळ होत असेल तर एचआरला सांग की बीजीव्ही क्लिअर झाल्यावर राजीनामा देतो, जॉइनिंग पुढं घ्या. बऱ्याच कंपन्या ऐकतात, नाही ऐकलं तरी हातातली नोकरी तर राहते.

आता जेलचं. रिझ्युमेत मार्क फुगवले एवढ्यावरून कुणी थेट आत जात नाही. फसवणुकीचं कलम, आधीचं ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८, ओढूनताणून लावायचं म्हटलं तर लावता येईल, पण कंपनी त्यासाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवत बसत नाही, ती ऑफर मागे घेते आणि पुढच्या उमेदवाराला फोन करते. करार कायद्याच्या कलम १७ आणि १९ प्रमाणे खोटं सांगून मिळवलेला करार समोरच्याला रद्द करता येतो, त्यामुळं ऑफर काढून घेतली तर तू भांडूही शकत नाहीस. म्हणजे आजच्या घडीला तुझं नुकसान जास्तीत जास्त ही एक नोकरी. एवढंच.

रूममेट सांगतोय ते केलंस तर प्रकरण बदलतं. मार्कशीटवरचा आकडा बदलणं म्हणजे बनावट दस्तऐवज करणं, न्याय संहितेचं कलम ३३६. फसवणुकीसाठी केलं तर त्याच्या पोटकलम ३ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तो कागद खरा म्हणून अपलोड केला की ३४० वेगळं. आणि पकडलं जाणार नाही हा भ्रम आहे, कारण व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी तुझी पीडीएफ नुसती बघत बसत नाही, ती सीट नंबर घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडं जाते आणि तिथल्या रेकॉर्डवरून उत्तर येतं, शिवाय डिजिलॉकरवर मार्कशीट असेल तर कंपनी तीच थेट मागते. विद्यापीठाकडून लेखी आलं की 'ही गुणपत्रिका आमच्या नोंदीशी जुळत नाही', तर बचाव काय करायचा सांग? आणि गुन्हा पुण्यात नोंदवला तर हायकोर्टातल्या कामासाठी मुंबई गाठायची. आपल्याकडं कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय खरं, पण त्याच्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढेच जिल्हे आहेत, पुणे नाही. एका आकड्यासाठी एवढं फिरायची हौस असेल तर रूममेटला बरोबर घेऊन जा, कारण सल्ला देऊन मदत करणाराही त्यात ओढला जातो.

एक गोष्ट तू बघितलेलीच नाहीस असं वाटतंय. तू पाठवलेल्या जाहिरातीत अट ६० टक्क्यांची आहे, सीजीपीएची नाही. आता ६.१ म्हणजे किती टक्के हे सूत्रावर ठरतं. सरळ दहानं गुणलं तर ६१ येतात, म्हणजे तू अटीत बसतोस. पण पाऊण वजा करून दहानं गुणायची पद्धत, एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के धरतात तशी, लावली तर साडेत्रेपन्न येतात आणि बसत नाहीस. तुझ्या बॅचला कुठलं सूत्र लागू आहे ते मार्कशीटच्या मागं छापलेलं असतं, नसेल तर विद्यानगरला शिवाजी विद्यापीठात जाऊन परीक्षा विभागात विचार, शक्यतो कागदावर घे. आधी हे कर. कदाचित खोटं लिहायची गरजच नव्हती असं निघेल.

मग फॉर्म. त्यात ६.१ च लिहायचं, खरी मार्कशीट जोडायची. खाली जे डिक्लेरेशन असतं, वरील सर्व माहिती सत्य आहे, असत्य आढळल्यास सेवा समाप्त, त्यावर टिक करण्याआधी फॉर्ममधला एकूण एक रकाना बघ, कारण रिझ्युमेतलं खोटं इंटरव्ह्यूपुरतं होतं पण हे डिक्लेरेशन तुझ्या फाइलला कायम राहतं, आणि जॉइन होऊन दोन-तीन वर्षांनी एखाद्या क्लायंटनं परत व्हेरिफिकेशन मागितलं तरी तेव्हा काढून टाकता येतं. तेव्हा जास्त लागतं, कारण टर्मिनेशन रेकॉर्डवर येतं आणि पुढच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये सांगावं लागतं.

फॉर्म भरायच्या आधी एचआरला मेल टाक. फोन नको, मेल. चार ओळी पुरेत: माझ्या रिझ्युमेत सीजीपीए ७.१ नमूद आहे, प्रत्यक्षात तो ६.१ आहे, ही चूक माझी आहे, मूळ गुणपत्रिका जोडली आहे, विद्यापीठाच्या सूत्राप्रमाणे टक्केवारी इतकी होते, त्यानुसार निर्णय कळवावा. टायपिंग मिस्टेक झाली असं लिहू नकोस, पोर्टलवर पण ७.१ आहे आणि तू म्हणतोस इंटरव्ह्यूत पण तेच सांगितलंस, तीन ठिकाणी एकच टायपो होत नसतो, एचआरवाले रोज हेच बघतात. आईच्या आजारपणाची वगैरे गोष्ट पण नको.

ऑफर जाऊ शकते, ते मी लपवत नाही. सूत्राप्रमाणे ६० च्या वर बसत असशील तर राहायची शक्यता मला बरी वाटते, नसशील तर कमी. काढून घेतली तर भांडू नकोस, पण लेखी मागून घे आणि कारणाची भाषा बघ, 'खोटी कागदपत्रं' असं चुकून लिहिलं असेल तर लगेच दुरुस्त करायला लाव, कारण तू कागद खोटा दिलेलाच नाहीस.

सरकारी परीक्षांचे फॉर्मही भरतोस असं लिहिलंयस. तिथं हा हिशोब चालत नाही, साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीच्या वेळी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) चुकीची माहिती दिली म्हणून लागलेली नोकरी गेल्याची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलीत, तेव्हा जिथं जिथं ७.१ भरला असशील तिथं दुरुस्तीची विंडो उघडी असेपर्यंत बदलून घे.

ऑफर लेटर, बीजीव्ही फॉर्मचे सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट आणि मेलचा मसुदा मला पाठव, बघून सांगतो. सबमिट करायच्या आधी पाठव, नंतर नको.