कारच्या छोट्या स्पीकरमधील बास रोखण्यासाठी कोणता कपॅसिटर लावावा?
डॅशबोर्डमधील ४ ओहमचे छोटे स्पीकर आवाज वाढवताच फाटू लागतात, ही आपली अडचण कपॅसिटरने बरीच कमी होईल. प्रत्येक स्पीकरच्या धन तारेत २२० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर एकसरीत जोडल्यास साधारण १८० हर्ट्झच्या खालचा आवाज दर सप्तकाला (म्हणजे वारंवारता निम्मी होताना) ६ डेसिबलने उतरत जातो. म्हणजे बास पूर्णपणे थांबत नाही, पण स्पीकरच्या लहान कोनवरचा (थरथरणाऱ्या पडद्यावरचा) ताण हलका होतो. कपॅसिटर मात्र नॉन-पोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) आणि किमान ५० व्होल्टचाच घ्यावा, कारण स्पीकरमधील प्रवाह सतत दिशा बदलत असल्याने साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापून फुटू शकतो, आणि येथे काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. म्युझिक सिस्टिममध्ये हाय-पास फिल्टरची (खालचा आवाज अडवण्याची) सोय असल्यास आधी तीच वापरून पाहावी.