हेड उतरवण्याआधी रेडिएटरचे पाईप दाबून बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, दर पंधरवड्याला बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) खालच्या खुणेखाली जातं, पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब दिसत नाही, पसरणी घाटात तापमानाचा काटा वर सरकला आणि मेकॅनिक म्हणतोय की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल. वर एकाने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितलंय, दुसऱ्याने थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायला. तूर्त यातलं काहीच करू नका. इतक्या जुन्या गाडीत पहिला संशय रबरी पाईपांवर घ्यायचा आणि तो तपासायला फुकटात दहा मिनिटं लागतात.

खाली थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. इंजिन तापलं की या पाईपांत साधारण एक बारचा दाब असतो (रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हाच). बारीक भेगेतून कूलंटचा फवारा उडतो, तापलेल्या ब्लॉकवर पडतो आणि जागीच वाळतो. मागे राहतो तो पांढरट, नाहीतर कूलंटच्याच रंगाचा, हिरवा-गुलाबी खरपुडा. टॉर्च घेऊन प्रत्येक क्लिपपाशी बघा आणि पाईपच्या खालच्या अंगाने बोट फिरवा, कारण वरून सगळं स्वच्छच दिसतं. काही गाड्यांत उलटा प्रकार असतो: थंडीच्या पहाटे रबर आकसतं, क्लिपपाशी दोनचार थेंब सुटतात आणि इंजिन गरम झालं की गळती बंद. गॅरेजला पोहोचेपर्यंत पुरावा गायब.

आता खरी तपासणी. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. वरचा पाईप, खालचा पाईप, केबिनकडे जाणारे हीटरचे दोन पाईप आणि इंजिनच्या आड लपलेला एखादा आखूड बायपास पाईप, असे सगळे शोधून काढा. प्रत्येक पाईप आधी मधोमध अंगठा आणि बोटांत धरून दाबा, मग क्लिपपासून इंचा-दोन इंचावर दाबा. धडका पाईप दोन्हीकडे सारखाच लागतो, दाबला की लगेच पूर्ववत होतो. टोकाकडे तो मधल्यापेक्षा मऊ, पिचपिचीत लागला, तर तो पाईप गेला. वरून कितीही काळाभोर आणि नवा दिसला तरी गेला.

याचं कारण समजून घ्या, नाहीतर मेकॅनिक "पाईप तर चांगला आहे" म्हणेल आणि तुम्ही मान डोलवाल. इंजिनचा धातू, कूलंट आणि रबर मिळून बॅटरीसारखा एक सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. त्याने रबराला आतल्या बाजूने, टोकांपाशी, लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडतात. त्यातून कूलंट मधल्या विणलेल्या धाग्यांपर्यंत झिरपतं आणि धागे कमजोर होतात. याला इलेक्ट्रोकेमिकल डिग्रेडेशन म्हणतात. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवायचा. सर्वात गरम कूलंट वाहून नेणारा वरचा पाईप आणि हीटरचे पाईप यात आधी सापडतात.

दाबल्यावर करकर आवाज आला किंवा वरून तडे दिसले, तर तो उष्णतेने वाळलाय. फुगून चिकट झाला असेल तर वरून कुठूनतरी ऑइल ठिबकतंय. हे रबर ऑइलला टिकत नाही. अशा वेळी आधी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा, नाहीतर नवा पाईपही त्याच वाटेने जाईल. आणि थंड झाल्यावर वरचा पाईप चपटा पडलेला दिसला, तर दोष बहुधा पाईपचा नाही. झाकणातली आत हवा घेणारी झडप अडकलीय किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबलीय. उंदरांच्या दातांचे व्रण मात्र सांगावे लागत नाहीत.

बदलायचे ठरले तर सगळे एकदम बदला. एकाच वयाचे, एकाच उष्णतेत राहिलेले. एक गेला की बाकीचे रांगेतच असतात. सोबत झाकणही नवं घ्या. पाईप तुमच्याच मॉडेलचे, साच्यात वळण दिलेले हवेत. वाकवून कसाही बसवायचा घड्यांचा "युनिव्हर्सल" पाईप घेऊ नका.

उतरवताना बहुतेक लोक पाईप पक्कडीत धरून पिळतात आणि इथेच काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जातं. रेडिएटरची वरची-खालची टाकी प्लॅस्टिकची असते, बारा वर्षांत ती ठिसूळ होते आणि पिळलं की नळीचं तोंडच तुटून हातात येतं. जुना पाईप तसाही फेकायचाच आहे. ब्लेडने लांबीत चीर द्या आणि सालासारखा सोलून काढा, फक्त पात्याचा ओरखडा तोंडावर उमटू देऊ नका. तोंड स्वच्छ पुसा, नवा पाईप सरकवायला थोडं कूलंट किंवा पाणी लावा. ग्रीस, ऑइल अजिबात नको. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा शाबूत असतील तर त्याच वापरा. रबर फुगलं-आकसलं तरी त्यांची पकड राहते. स्क्रूची क्लिप जोर लावून आवळली की ती रबर कापते.

मग कूलंट. बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरा, मधूनमधून वरचा पाईप दाबून हवा काढा. पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा पातळी बघा. हवा आत राहिली तर नव्या पाईपांसकटही गाडी तापेल. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हळदीने भेग कधीकधी बुजतेही, पण तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. आणि वॉल्व्ह काढल्याने फुटका पाईप सांधला जात नाही, उलट इंजिन नीट तापतच नाही.

रस्त्यात पाईप फुटलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि काटा खालीच दिसू शकतो. हीटर लावल्यावर गार हवा आली तर काट्यावर विसंबू नका, इंजिन लगेच बंद करा. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात नाही. चीर अगदी टोकाला असेल तर तेवढा तुकडा कापून पाईप पुन्हा चढवता येतो. मधे असेल तर टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, पाणी भरा आणि जवळचं गॅरेज गाठा.

पाईप धडके निघाले तर रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब देतात आणि पंपावरचा दाबाचा काटा उतरतो का ते बघतात. काटा उतरतोय, पण बाहेर कुठेच ओल नाही, केबिनचं कार्पेटही कोरडं, असं असेल तर हेडचा विषय. तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येतात का, ते पाहा. दाब दिल्यावर काटा कितीवर थांबला आणि कुठला पाईप मऊ लागला, ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.