पत्रकं वाटली, पण फोन येत नाहीत

प्रश्न : आम्ही कोथरूडमध्ये ज्येष्ठांना घरपोच जेवणाचे डबे देतो. पेपरातून पत्रकं टाकली, प्रतिसाद जवळपास शून्य. पत्रक सोबत जोडलं आहे. काय चुकलं?

उत्तर : पत्रक चकचकीत कागदावर आहे आणि फिकट निळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं आहेत. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे असे रंग वेगळे ओळखणं अवघड जातं. त्यात कागदावर ट्यूबलाइट चमकते. मॅट कागद घ्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा. मजकूर १६ पॉइंट, फोन नंबर २४. वेलांट्या-मात्रांमुळे देवनागरी त्याच मापात लहान दिसते, म्हणून १२ पुरत नाही.

खरी अडचण मात्र ‘ऑर्डरसाठी कोड स्कॅन करा’ या ओळीत आहे. अनोळखी कोड, लिंक टाळा असं बँका सतत बजावतात. तुमचं गिऱ्हाईक ते मनापासून पाळतं, आणि बरोबरच करतं! नंबर द्या आणि तो माणसानेच उचलावा. वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ निसटतात. ओरडून उपयोग नाही. सावकाश बोला, पत्ता त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्या.

दर छापा. महिन्याची आगाऊ रक्कम मागू नका, आधी एका दिवसाचा डबा विका आणि रोख घ्या. पैसे परगावची मुलं भरत असतील तर त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा मेसेज करा, पण भाजीत तिखट किती हवं ते आजींनाच विचारा.