बगळी विकली त्याबद्दल, आणि तुमच्या २८ टक्के ओलीबद्दल

तुमची अडचण थोडक्यात अशी: २००३ सालची कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर), पुढच्या डाव्या कोपऱ्यात ओल २८ टक्के, दुरुस्तीला २,४०० पौंड सांगितलेत, मुलं म्हणतात काढून टाका, आणि तुमचा जीव तिच्यात अडकलाय. जीव अडकतो, ते मला नवीन नाही. इंग्लंडात आम्ही १९८३ पासून कॅरॅव्हॅन घेऊन हिंडतोय आणि त्यातली तेवीस वर्षं एकीतच काढली. पांढरीशुभ्र, पुढे चोच काढल्यासारखी, म्हणून तिचं नाव बगळी. १९९८ ला घेतली, २०२१ ला दिली. खरं तर २०१८ लाच द्यायला हवी होती.

आधी ओलीचं बघू. ओल मोजायच्या मीटरवर १५ टक्क्यांपर्यंत आकडा असेल तर निवांत राहा. १५ ते २० असेल तर लक्ष ठेवा. २० च्या पुढे पाणी कुठून तरी झिरपतंय असं धरा, आणि ३० ओलांडलं की आतलं लाकूड बहुतेक गेलंच. म्हणजे तुमची अजून काठावर आहे. पण नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका, ओल किती पसरलीय ते विचारा. ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत आपण ऑनिंग, म्हणजे बाजूला लावायचा तंबू, सरकवतो, ती स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्या मागे सीलंट असतं. वीस वर्षांत ते वाळून तडकतं, मग पाणी स्क्रूच्या वाटेने आतल्या लाकडी चौकटीत शिरतं आणि हळूहळू फ्लोअरपर्यंत उतरतं. वरून सगळं छान दिसत असतं. आम्हाला कळलं ते वासावरून. मार्चमध्ये दार उघडलं, तर पावसाळाभर बंद राहिलेल्या गावच्या घराचा वास आला. ह्यांनी खिडकीखाली अंगठा दाबला आणि प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला.

म्हणून त्या दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा: २,४०० मध्ये तुम्ही पट्टी काढून नव्या सीलंटवर परत बसवणार का, आणि आतून प्लाय सोलून कुजलेलं लाकूड बदलणार का? दोन्हीला हो म्हणाला तर भाव वाजवी आहे. बाहेरून नुसती सीलंटची रेघ ओढणार असेल तर एक पौंडही देऊ नका. त्याने आधीची ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतच राहतं. आम्ही नेमकं हेच करून घेतलं, एकदा नाही, दोनदा. शिवाय दारापाशी टाचेवर जोर देऊन उभ्या राहून बघा. फ्लोअर करकरलं किंवा गादीसारखं दबलं तर त्याचे थर सुटलेत. तो खर्च वेगळा.

आम्ही तीन वर्षं रखडलो ते पैशांपायी नाही. ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला बगळीला घेऊन कॉर्नवॉलला गेलो होतो. वाटेत कपाटाचं दार उघडून हळदीची बरणी टेबलावर फुटली. ग्रहणाच्या वेळी ढग आले, सूर्य काही दिसला नाही, नुसता मिट्ट अंधार झाला आणि शेजारच्या शेतातले पक्षी गप्प झाले. तो पिवळा डाग मात्र शेवटपर्यंत गेला नाही. यॉर्कशरमधल्या सटन बँकच्या चढावर कॅरॅव्हॅनला बंदी आहे ही पाटी न वाचता मी थर्स्कवरून सरळ निघाले होते, ते भांडणही तिच्यातलंच. (गाडी मी चालवते. हे मागे उभे राहून हात हलवतात, आणि दोघांचं डावं-उजवं कधी जुळत नाही.) अशा गोष्टी आठवल्या की मीटरचा आकडा मनात टिकत नाही.

आता बदलायची ठरलीच तर. आमची पहिली चूक होता होता राहिली. नातवंडं येतील म्हणून सहाजणांची बघत होतो, आगाऊ रक्कमही देणार होतो. तेव्हा ह्यांनी जुनी डायरी काढून मोजलं: पाच वर्षांत नातवंडं बगळीत झोपली अकरा रात्री. आणि माझे गुडघे रोज रात्री माझ्याबरोबर असतात! मग दोघांची घेतली. पलंग कायमचे, रोज गाद्या जुळवायला नकोत, आणि ढकलायला मोटरचा मूव्हर.

वजनाकडे मात्र नीट लक्ष द्या. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पण तो झाला कायदा, तुमच्या गाडीची ताकद नव्हे. भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर तिची ओढायची मर्यादा आधी बघा, काहींना तर अजिबात परवानगी नसते. कॅरॅव्हॅनमध्ये सामानासाठी जेवढ्या वजनाची मुभा असते ती कागदावर बरी वाटते. एकटा मूव्हरच तीसेक किलो खातो, मग ऑनिंग, बॅटरी, आपले डबे आणि कुकर.

सेकंडहँड घेणार असाल तर टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायचा विचार करा, सातच्या पुढे तर नकोच, कॅरॅव्हॅन दारातून हलली नसली तरी. १९९२ नंतरच्या कॅरॅव्हॅनच्या खिडक्यांवर सतरा अक्षरांचा नंबर कोरलेला असतो. तो कागदांवरच्या नंबराशी ताडून बघा आणि तिच्यावर कुणाचं कर्ज बाकी नाही ना, ते तपासा. बिनलाकडाच्या भिंतींची मिळाली तर उत्तम, पण दरवर्षीची ओलीची तपासणी तिलाही चुकत नाही.

बगळी एका माणसाने २०० पौंडांना नेली, खालच्या गॅल्व्हनाइज्ड सांगाड्यासाठी. त्याला ट्रेलर बनवायचा होता. मी घरातून बाहेर आले नाही. हळदीचं टेबल तेवढं काढून घेतलं होतं. नवीत ते खाचेत बसत नाही, दोन पलंगांच्या मधे आडवं ठेवावं लागतं, आणि वर सात किलो वजन. हे दर वेळी कुरकुरतात, मी दर वेळी नेते.

दुरुस्तीवाल्याचं उत्तर आलं की कळवा. बाकीच्या तीन कोपऱ्यांचे आकडेही द्या, आणि ओढायला गाडी कुठली आहे तेही.