फुटबॉलमधल्या विंगरच्या (कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूच्या) पहिल्या हंगामासाठी

पहिला व्यावसायिक करार मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. वेग तुझ्याकडे आहेच, म्हणून आधी चेंडू घेतानाचा पहिला स्पर्श सुधार. कडेच्या रेषेकडे पाठ करून चेंडू घेतलास तर सारे मैदान समोर दिसते, पण तो पायापासून हातभर जरी सुटला, तरी बचावपटू तो सहज बाहेर घालवतो. नवोदितांच्या चुका ठरलेल्या असतात: मान वर न करता क्रॉस (कडेवरून गोलासमोर दिलेला पास) मारणे आणि चेंडू गमावल्यावर फुलबॅकला (आपल्या मागच्या, कडेच्या बचावपटूला) एकटे सोडणे. सुट्टीत सोलापूरला आलास की ऊन चढण्यापूर्वी, पहाटेच, कमकुवत पायाने भिंतीवर पास मार. बाकावर बसावे लागले तरी खचू नकोस; भारताचा विंगर लालियानझुआला छांगटे अनेक क्लबांतून खेळत मुंबई सिटीत आला आणि २०२२-२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डावपेचांचे नंतर पाहू.