प्लेटसाठी सोने गहाण ठेवावे का?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावर चाळीस आसनांचे भोजनगृह चालवणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांना सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेपूर्वी सर्व भांडी बदलून एकसारखी करायची आहेत. दुकानदाराने आयात केलेल्या, निळसर खरखरीत झिलईच्या संपूर्ण संचाचा १,८६,००० रुपये भाव दिला असून त्यातील मोठी प्लेट ६२० रुपयांची आहे. त्यांची शिल्लक २,४०,००० रुपये आहे आणि पगार, भाडे व वीजबिल मिळून महिन्याचा बांधील खर्च ८५,००० रुपये आहे. शिल्लक न मोडता सोने तारण ठेवून १२ टक्के दराने कर्ज घ्यावे आणि त्याच नक्षीच्या बारा प्लेट घरातल्या सणावारासाठीही घ्याव्यात, असा त्यांचा विचार आहे.

ताई, भांडी बदलण्याचा आपला निर्णय योग्य आहे, परंतु हा संच घेऊ नये आणि कोणत्याही संचासाठी सोने गहाण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १,८६,००० रुपयांवर १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २२,३२० रुपये होते. आपण लिहिता की, सध्याच्या १८० रुपयांच्या ओपल काचेच्या प्लेट महिन्याला सरासरी चार फुटतात. म्हणजे वर्षाला ४८ प्लेट आणि ८,६४० रुपये. ज्या फुटीला आपण कंटाळला आहात, तिच्या अडीचपट रक्कम केवळ व्याजात जाईल आणि नवी भांडी फुटायची ती फुटतीलच.

आता फुटीचाच हिशेब पुढे नेऊ. उच्च तापमानाला भाजलेली, पाणी न शोषणारी पांढरी व्हिट्रिफाइड प्लेट आपल्याला ४२० रुपयांना मिळते आहे. ती ओपलच्या निम्म्याने फुटेल असे धरले, तरी वर्षाला २४ प्लेटचे १०,०८० रुपये होतात, आणि त्याच प्रमाणात निळ्या प्लेटचे १४,८८० रुपये. मला अधिक चिंता वाटते ती दोन वर्षांनी हीच निळी नक्षी मिळेल का याची, कारण आयात माल लॉटने येतो आणि छटा जरी किंचित बदलली, तरी एकाच टेबलावर चार प्लेट चार तऱ्हेच्या दिसू लागतात. पूर्ण संच एकदम घेण्याचा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराला, सुटी प्लेट याच भावाने किती काळ देणार, हे बिलावर लिहून मागा. लिहून मिळाले नाही तर संच तेथेच सोडावा.

दुपारच्या थाळीसाठी मात्र आपण स्टीलकडेच वळावे. शेंगाचटणीवरचे तेल, तिखट रस्सा, आमटीत कुस्करलेली भाकरी आणि सलग चार पंगतींची धुणावळ हे सगळे स्टीलचे ताट निमूटपणे सोसते, आणि शेवटी मोडीतही काही पैसे देऊन जाते. साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले ३०४ प्रतीचे स्टील घ्यावे. चुंबक चिकटले नाही म्हणजे ३०४ असे समजू नये, कारण स्वस्त २०२ प्रतीच्या ताटालाही ते सहसा चिकटत नाही. प्रत बिलावर नोंदवून घ्यावी. मेलामाइन हे कडक प्लास्टिक स्वस्त दिसते, पण त्यावर चरे पडतात, चऱ्यांत हळद बसते आणि ते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही.

दुकानात जाताना आपल्याच चुलीवरची एक कडक भाकरी सोबत न्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. दहा इंची, रुंद काठाच्या प्लेटचा सपाट भाग अनेकदा सातच इंच असतो. भाकरी काठावर तिरकी राहते आणि बाजूला वाटी ठेवायला जागा उरत नाही. प्लेट उलटी करून तळाच्या झिलई नसलेल्या कडीवर शाईचा थेंब टाकावा आणि पुसावा. शाई आत मुरली, तर ती प्लेट पाणीही पिणार आणि लवकर तडकणार. त्याच कडीवरून बोट फिरवावे. ती खरखरीत असेल, तर रचून ठेवलेल्या प्रत्येक प्लेटने खालच्या प्लेटवर ओरखडे उठतात. काठ धारदार नसून जाड व गोल असावा, कारण टवका प्रथम तेथूनच उडतो. गडद, खरखरीत झिलईवर चमच्याच्या करड्या रेघा आणि जड पाण्याचे पांढरे डाग उठून दिसतात, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे दुसऱ्यांदा धुणे हा खर्चच आहे.

टेबल एकसारखे दिसावे ही आपली इच्छा मी मनापासून मान्य करतो. प्लेट पांढरी ठेवावी आणि रंग कापडातून आणावा. टॉवेल आणि चादरींच्या या शहरात गडद निळे नॅपकिन किंवा टेबलावरचे कापड विणून घेणे अवघड नाही, आणि दोन वर्षांनी रंग बदलावासा वाटला तर केवळ कापड बदलावे लागेल.

आपण पाठवलेल्या भावांनुसार ५० स्टीलची ताटे प्रत्येकी ३५० रुपयांनी १७,५०० रुपयांची, १५० वाट्या प्रत्येकी ६० रुपयांनी ९,००० रुपयांच्या, रात्रीच्या जेवणासाठी ६० पांढऱ्या प्लेट २५,२०० रुपयांच्या आणि ६० बाऊल प्रत्येकी २०० रुपयांनी १२,००० रुपयांचे होतात. एकूण ६३,७०० रुपये. हे शिलकीतून दिल्यावर १,७६,३०० रुपये उरतात, म्हणजे दोन महिन्यांचा बांधील खर्च सुरक्षित राहतो. त्याखाली मी आपल्याला जाऊ देणार नाही. भाव जीएसटी धरूनच तुलनेला घ्यावेत, कारण आपल्यासारखी भोजनगृहे ग्राहकाकडून ५ टक्के आकारतात, पण खरेदीवर भरलेला कर त्यांना वळता करून मिळत नाही. दरमहा १,००० रुपये फुटीसाठी वेगळे काढावेत आणि फुटलेली प्लेट कोणत्या वेळी, कोठे फुटली याची वहीत नोंद करावी. फूट टेबलावर होते की मोरीवर, हे महिन्याभरात कळेल, आणि मोरीवर होत असेल तर तेथे रबरी चटई घालणे नव्या संचाहून स्वस्त पडेल.

घरच्या बारा प्लेट याच पांढऱ्या प्रकारातल्या घ्याव्यात, मात्र घरखर्चातून आणि वेगळ्या बिलावर. गर्दीच्या दिवशी त्या भोजनगृहात नेण्याचा मोह होईल. तसे केल्यास वर्षअखेरीस भोजनगृहाची खरी फूट किती, हे आपल्यालाही सांगता येणार नाही.